एका लेआउटमध्ये दोन तान्हे पोळे

“मंडळ डोळ्यांदेखत फुटलं मॅडम. रात्र-रात्र झोप नाही. माझं काय चुकलं, तेवढं सांगा जी.”

सोसायटी असो, भजनी मंडळ असो की समाजाची संस्था, अशी तक्रार घेऊन माझ्याकडे नेहमी कुणी ना कुणी येतं. त्यातल्याच एका काकांची ही हकीकत. त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतपत बदलून सांगते.

काका साठी ओलांडलेले. नागपुरातल्या एका लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, नागरिक मंडळाचे 14 वर्षं सचिव. हॉलचं बांधकाम चालू असताना भर मे महिन्याच्या उन्हात भिंतींवर पाणी मारायला स्वतः उभे राहिलेले. मग निवडणूक झाली आणि शेजारचा तरुण अध्यक्ष झाला. त्याला बोट धरून मंडळात आणलं होतं ते काकांनीच. सहा महिन्यांत दोन गट, दोन व्हॉट्सअॅप ग्रुप, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गल्लीच्या दोन टोकांना दोन तान्हे पोळे, म्हणजे लहान मुलांचे पोळे. नातू सजवलेला लाकडी नंदी घेऊन फाटकात उभा. “आजोबा, कोणत्या पोळ्यात जाऊ?” शेवटी तो कुठेच गेला नाही.

पहिल्या दोन भेटींत काका तत्त्वावरच बोलले. हिशेब, मंडळाची घटना, ज्येष्ठांचा मान. त्यात खरंही होतं. न विचारता ग्रुपमधून काढलं तर कुणालाही लागेल. भांडण तत्त्वाचं की खुर्चीचं, हे कळावं म्हणून मी एक प्रश्न विचारते. तो तिसऱ्या भेटीत विचारला, “काका, तुमच्याशिवाय मंडळ छान चाललं तर?”

बराच वेळ ते गप्प होते. मग खिशातून लाल दोरा बांधलेला किल्ल्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला. हॉलची किल्ली, कपाटाची किल्ली. कपाटात सभेच्या इतिवृत्ताचं रजिस्टर. विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात 90 दिवसांत बदल कळवावा लागतो. ते कागद त्यांनी अडवून धरले होते. “तो बोलला की टाळ्या वाजवतात,” काका म्हणाले. “मी बोललो की घड्याळ पाहतात.”

माणूस स्वतःला आपल्यासारख्यांशीच ताडून पाहतो, असं मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी 1954 मध्ये मांडलं. मंत्र्याच्या गाडीने आपला जीव जळत नाही, भिंतीला भिंत लागून असलेल्याच्या टाळ्यांनी जळतो. आणि मत्सर स्वतःच्या नावाने कधी येत नाही, तत्त्वाचं नाव घेऊन येतो. म्हणूनच भली माणसं त्याच्या पाठीशी प्रामाणिकपणे उभी राहतात आणि वस्ती दुभंगते.

‘एकत्र जेवायला बसा, मिटवून टाका’ असं मी सांगत नाही. 1954 मध्येच अमेरिकेतल्या ओक्लाहोमात मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ यांनी 22 मुलांच्या शिबिरात दोन गट पाडून चुरस लावली. वैर पेटल्यावर एकत्र जेवायला बसवलं, तर मुलांनी एकमेकांवर अन्न फेकलं. वैर ओसरू लागलं ते पाणीपुरवठा बंद पडला तेव्हा, कारण तिथे दोन्ही गटांचे हात लागत होते.

काकांनी कागद दिले. किल्ल्या मात्र अध्यक्षाच्या आईच्या हातात ठेवून आले. त्याच्या हातात देणं जमलं नाही. यंदा हॉल एका गटाचा, मांडव आणि वर्गणी दुसऱ्याची, म्हणून तान्हा पोळा एकच झाला. मुलांच्या बक्षिसांची यादी दोघांनी समोरासमोर बसून केली.

ग्रुप अजून दोनच आहेत. झोप चार-पाच तास लागते, म्हणतात.