लेक ग्वाटेमालाच्या खेड्यात राहणार, खाईल काय?

प्रश्न: ताई, माझी मुलगी इंजिनिअरिंगला आहे, जूनमध्ये कॉलेजच्या ग्रुपसोबत ग्वाटेमालाच्या एका खेड्यात व्हॉलंटिअरिंगला जाऊन राहणार आहे, तिथल्याच एका घरी मुक्काम. आम्ही शाकाहारी, खूप टेन्शन आलंय. – एक आई, नागपूर

उत्तर: अहो, जाऊ द्या तिला. मका आणि काळा घेवडा हेच तिथलं रोजचं जेवण, मका चुन्याच्या पाण्यात उकळून, धुऊन, दळून त्याच्या टॉर्टिया थापतात, आपल्या भाकरीसारख्याच तव्यावर भाजतात, फक्त घेवड्यात कधी डुकराची चरबी असते म्हणून पहिल्याच दिवशी विचारून घ्यायला सांगा. नागपूरचं ऊन डोक्यात ठेवून बॅग भरू नका, मे ते ऑक्टोबर तिथं पावसाळा, डोंगराळ भागात रात्री थंडी, स्वेटर हवाच. पाणी उकळलेलंच. थोडं स्पॅनिश शिकू दे, पण तिथं मूळच्या माया लोकांच्या 22 भाषा आहेत, घरातल्या आजीला स्पॅनिश येईलच असं नाही.

मला काळजी वेगळीच वाटते, ती कामाची. पोरांकडून विटा रचून घेणार असतील तर गावात गवंडी आहेत ना, त्यांची मजुरी का बुडवायची? शाळेत शिकवायचं असेल तर तिथले शिक्षक सोबत असतील का, ही पोरं परत आली की पुढे कोण बघणार, हे पैसे भरायच्या आधी आयोजकांना स्पष्ट विचारा.