इंग्रजीतले यमक जुळणारे शब्द आणि त्यांचे अर्थ मुलीकडून पाठ कसे करून घ्यावेत?

ताई, तुम्ही विचारलंय की मुलगी तिसरीत आहे, शाळेतून यमक जुळणाऱ्या इंग्रजी शब्दांच्या वीस जोड्या अर्थासकट लिहून आणायला सांगितल्यात, तुम्हाला इंग्रजी जेमतेम वाचता येतं, मग गाईडातली यादी पाठ करून घेतली तर चालेल का. मला विचाराल तर यादी पाठ करून घेऊ नका. यमक कानाने जुळवायचं असतं, आणि तुमच्या मुलीचा कान तयार आहे. जात्यावरची ओवी असो की भजन, आपण यमक कधी डोळ्याने शोधलंय?

मी मोर्शी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. संध्याकाळी आमच्या छपरीत गावातली मुलं अभ्यासाला बसतात. त्यांच्यासोबत जे करते तेच सांगते.

नियम एवढाच: शब्दात ज्या स्वरावर जोर पडतो तिथून शेवटपर्यंतचा आवाज सारखा हवा आणि त्याच्या आधीचं व्यंजन वेगळं हवं. कॅट म्हणजे मांजर, रॅट उंदीर, मॅट चटई, हॅट टोपी, फॅट चरबी. टॉल उंच, वॉल भिंत, स्मॉल लहान. हे सगळ्या गाईडांत आहे, मुलं दोन दिवसांत शिकतात. पण सी म्हणजे पाहणे आणि सी म्हणजे समुद्र ही जोडी यमकाची नाही, कारण तिथे अख्खा उच्चारच एक आहे. अशी जोडी लिहू देऊ नका.

खरी गंमत वावरात आहे. सीड म्हणजे बियाणं, वीड म्हणजे तण, नीड म्हणजे गरज. रेन पाऊस, ग्रेन धान्य. कॉटन म्हणजे कापूस आणि रॉटन म्हणजे सडलेलं. स्पेलिंग शेवटी वेगळं आहे, एकात ओ, एकात ई, पण कानाला दोन्ही पक्के जुळतात. बोंडं फुटायच्या वेळी पाऊस आला की काय होतं हे ज्या घराने पाहिलंय, त्या घरातल्या मुलाला या दोन शब्दांचे अर्थ पाठ करावे लागत नाहीत.

माझी सगळ्यात आवडती जोडी बोंडाची आहे. बोंडाला इंग्रजीत बोल म्हणतात, स्पेलिंग बी-ओ-एल-एल. ते डॉलसारखं, म्हणजे बाहुलीसारखं दिसतं, पण जुळतं रोलशी आणि होलशी. होल म्हणजे भोक. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातला कापूस खाल्ला, तेव्हा मुलं बोंडं फोडून बघत होती. मी एक किडकं बोंड हातात घेतलं, भोकावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "बोल, होल." एवढंच. ती जोडी त्यांच्यातलं कोणी अजून विसरलेलं नाही. अर्थ असा वस्तूला चिकटवला की राहतो.

आता जिथे मुलं अडखळतात तिथे थोडा वेळ थांबते.

चौथीतल्या एका मुलाने वहीत बेअर–चेअर लिहिलं होतं, अस्वल आणि खुर्ची. वही शाळेतून तपासून आली ती लाल फुली घेऊन, आणि खाली दुरुस्ती होती: बेअर–निअर. कारण दोन्हींचा शेवट ई-ए-आर. मुलाचं बरोबर होतं. बेअर हे हेअर, चेअर, पेअर यांच्याशीच जुळतं. निअर म्हणजे जवळ, ते इअर म्हणजे कान आणि फिअर म्हणजे भीती यांच्यासोबत जातं. वही दाखवताना तो काही बोलला नाही, फुलीवरून नुसतं बोट फिरवत राहिला. मी मोबाइलवर डिक्शनरी उघडली, त्याला डोळे मिटायला सांगितले आणि स्पीकरचं बटण दाबून दोन्ही शब्द तीन-तीनदा ऐकवले. डोळे उघडल्यावर त्याने स्वतःच्या हाताने फुलीशेजारी बरोबरची खूण केली. म्हणून सांगते, शंका आली की स्पेलिंग बघू नका, ऐका.

असे शब्द पुष्कळ. हाइट म्हणजे उंची, ते लाइट आणि काइटशी जुळतं. वेट म्हणजे वजन, स्पेलिंगचा शेवट तोच, पण ते प्लेट आणि लेटशी. वर्ड म्हणजे शब्द, तो लॉर्डशी नाही, बर्डशी जुळतो. आणि रीड म्हणजे वाचणे हे सीडशी जुळतं, पण 'वाचलं' म्हणताना तेच स्पेलिंग रेड उच्चारतात आणि ते बेडशी जुळतं.

दुसरा घोटाळा आपल्या लिपीचा आहे, आणि तो गाईडात कुठेच सांगत नाहीत. लेखणी म्हणजे पेन, आणि दुखणं म्हणजेही पेन. देवनागरीत दोन्ही एकच दिसतात. पण लेखणीतला 'ए' आखूड, तो टेन म्हणजे दहा आणि हेन म्हणजे कोंबडी यांच्याशी जुळतो. दुखण्यातला लांब, तो रेन आणि ट्रेनशी. तसंच फाटकाचा गेट आणि मिळवण्याचा गेट. मुलगी जर उच्चार देवनागरीत लिहून पाठ करत असेल, तर हीच चूक पक्की होईल.

फूड म्हणजे अन्न, गुड म्हणजे चांगलं, ब्लड म्हणजे रक्त. तिन्हींत दोन ओ. माझ्याकडच्या एका पोरीने विचारलं, "ताई, स्पेलिंग तं सारखी हाय, मंग काऊन नाई जुयत?" प्रश्न रास्त आहे. या तिन्हींत एकेकाळी एकच लांब 'ओ' होता. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले लांब स्वर तोंडात सरकत गेले. हा 'ओ' पुढे 'ऊ' झाला, फूडमध्ये लांब राहिला, गुडमध्ये आखूड झाला, ब्लडमध्ये आखूड होऊन आणखी बदलला. मधेच, १४७६ मध्ये, विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला. हळूहळू छापील स्पेलिंग गोठली, बोलणं पुढे गेलं. नाइटमधलं जी-एच असंच मागे राहिलेलं आहे. ते पूर्वी 'ख'सारखं उच्चारत, जर्मन लोक रात्रीला आजही नाख्ट म्हणतात, आणि आपल्या संस्कृतातला 'नक्त' त्याच कुळातला.

मी हे सांगत होते तेवढ्यात तीच पोरगी म्हणाली, "म्हंजे आपण शाया म्हंतो अन् शाळा लिवतो, तसंच." अगदी तसंच! आपल्या बोलीत ळ चा य होतो, म्हणून बोलताना शाया आणि माया यांचं यमक जुळतं, वहीत ते दिसत नाही. वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाला लिहिणं वेगळं आणि बोलणं वेगळं असतं हे पहिलीपासून ठाऊक असतं. त्याच्या बोलीला हसू नका, इंग्रजी शिकताना ती कामाला येते.

घरी एक खेळ घ्या. तीन शब्द म्हणा, दोन जुळणारे, एक न जुळणारा: हेन, टेन, कॅट. वेगळा कोणता ते तिने सांगायचं, वही न उघडता. लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी १९८३ मध्ये असाच खेळ चार-पाच वर्षांच्या मुलांवर वापरून दाखवला की ज्यांना आवाजातलं साम्य ओळखता येतं ती मुलं पुढे वाचनातही चांगली चालतात. तुम्हाला उच्चाराची खात्री नसेल तर शब्द मोबाइलला म्हणू द्या, तुम्ही दोघी मिळून ऐका. रोज पाच मिनिटं पुरे. वीस जोड्या आठवड्यात होतील, आणि अर्थ विचारायला तुमचं घर, गोठा आणि वावर आहेच.

एक मात्र तिला आधी सांगून ठेवा. आमच्या मोर्शी-वरूडच्या पट्ट्यात प्रत्येक मूल संत्र्यापासून सुरुवात करतं आणि ऑरेंजला जोडी शोधत बसतं. नेहमीच्या वापरातला एकही इंग्रजी शब्द ऑरेंजशी पूर्ण जुळत नाही. महिना म्हणजे मंथ, त्याचंही तसंच. तिला जोडी सापडली नाही तर तिचं काही चुकलेलं नाही.