पुढच्या विहिरीचे पैसे

चिरंजीवास सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे हिशेबाचे पान दोनदा वाचले. एकाच ब्लॉकवर, म्हणजे सरकारने वायू शोधायला दिलेल्या एकाच क्षेत्रावर, उभी असलेली ती छोटी कंपनी, त्या ब्लॉकमधील वायूचा अंदाज, त्याला दराने गुणून आणि एकूण शेअरांनी भागून तू काढलेला आकडा आणि त्याभोवतीचे तांबडे वर्तुळ, सगळे पाहिले. गुणाकार बरोबर आहे. परंतु पुढची विहीर खोदायला पैसे कुठून येणार, याची एकही ओळ त्या पानावर नाही.

आंध्रच्या किनाऱ्यालगतच्या कृष्णा-गोदावरी खोऱ्याने भल्याभल्यांना हा प्रश्न विचारला आहे. गुजरात स्टेट पेट्रोलियम कॉर्पोरेशनच्या तेथील ब्लॉकमध्ये 20 लाख कोटी घनफूट वायू असल्याची घोषणा 2005 मध्ये झाली. विकास आराखडा मंजूर होईपर्यंत तो अंदाज दहाव्या हिश्श्याच्या आसपास आला. वायू होता, पण प्रचंड दाबाच्या, अतितप्त आणि घट्ट वाळूच्या थरांत अडकलेला, त्यामुळे खर्च वाढत राहिला आणि 2015 मध्ये कंपनीवरील कर्ज 19 हजार कोटींच्या पुढे गेले. त्याच खोऱ्यातील रिलायन्सच्या केजी-डी6 ब्लॉकमधून 2010 मध्ये दिवसाला सुमारे 6 कोटी घनमीटर वायू निघत होता. चार वर्षांनी त्याचा चौथा हिस्साही निघेना. एकीच्या पाठीशी राज्य सरकार होते, दुसरीच्या पाठीशी रिफायनऱ्यांचे उत्पन्न. तुझ्या कंपनीच्या पाठीशी कोण आहे? प्रवर्तक अनुभवी आहेत, असे तू तीनदा लिहिले आहेस. असतील, पण विहीर खोदणाऱ्या रिगचे भाडे कोण भरणार?

मीही अशाच एका कंपनीत पैसे घातले होते. वायू लागला, त्या दिवशी मी घरी पेढे नेले. वर्षाच्या आत राइट्स इश्यूचा, म्हणजे जुन्या भागधारकांनी नवे शेअर विकत घ्यावेत असा, अर्ज आला, भाव बाजारभावाच्या बराच खाली, आणि तो नेमका मुलीची फी भरायच्या आठवड्यात. अर्ज कोरा राहिला. पाठोपाठ कोणा बड्या गुंतवणूकदाराला नवे शेअर दिले गेले आणि कंपनीतील माझा हिस्सा निम्म्यावर आला. विहीर मात्र पाइपलाइनअभावी तशीच बंद होती. पुढच्या विहिरीचे पैसे माझ्याच हिश्श्यातून वळते झाले, हे कळायला मला फार उशीर लागला.

ते शेअर आजही माझ्या खात्यात आहेत. तुझी काकू त्याला हट्ट म्हणते. खडकाबाबत माझा अंदाज चुकला नव्हता, पैशाबाबत चुकला होता, आणि हा फरक मी शेवटपर्यंत मांडत राहीन.

सरकारशी केलेल्या करारात किमान कामाची हमी असते. ते काम मुदतीत झाले नाही तर दंड बसतो. तेव्हा शिल्लक रोकड, हमीतील उरलेल्या विहिरी आणि एका विहिरीचा खर्च, हे तीन आकडे वार्षिक अहवालातून काढून मला पाठव. तोवर बाबांना मुदत ठेव मोडायला लावू नकोस.