वाचक विचारतात : गादी ‘सरकली’, आता सिंहगड कधी?

मणक्यातली गादी सरकून गेल्यावर पुन्हा कामाला, व्यायामाला, गाडीला कधी आणि कसं लागायचं, यावरचे चार प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तरं फिजिओथेरपीच्या बाजूने दिली आहेत. औषधं आणि ऑपरेशनचा निर्णय तुमच्या डॉक्टरांकडेच राहू द्या.

प्रश्न : वय ४१, संगणकावरची नोकरी. नऊ आठवड्यांपूर्वी एल-४–एल-५ची (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली) गादी सरकली. डावा पाय नडगीच्या बाहेरच्या बाजूने ठणकायचा, ते आता थांबलंय. सकाळी कंबर धरते. दर रविवारी सिंहगड चढायचो. पुन्हा कधी चढू? आधी परत एमआरआय काढू का? (पुणे)

उत्तर : एमआरआयचे पैसे वाचवा. गादी खरं तर सरकत नाही, ती वरच्या-खालच्या मणक्यांना घट्ट चिकटलेली असते. तिच्या बाहेरच्या चिवट कड्याला चीर पडते आणि आतला मऊ गर बाहेर येऊन नसेला टेकतो. हा गर शरीर बऱ्याचदा आपणहून जिरवतं. गंमत म्हणजे तुटून बाहेर पडलेला मोठा तुकडा जिरण्याची शक्यता साध्या फुगवट्यापेक्षा जास्त असते. शिवाय कंबर न दुखणाऱ्या विशीतल्या लोकांचे एमआरआय काढले, तरी साधारण ३० टक्के जणांत गादीचा फुगवटा दिसतो. तेव्हा सिंहगडाचा निर्णय फिल्म बघून होत नाही, पाय बघून होतो.

या गादीपाशी बहुधा एल-५ची नस दबते, आणि पायाचा चवडा व अंगठा वर उचलण्याचं काम मुख्यतः तिचं. म्हणून घरात अनवाणी, टाचांवर दहा पावलं चाला. डावा चवडा उजव्याइतका वर राहतो का? मग दोन्ही पायांचे अंगठे वर उचला आणि कोणाला तरी बोटाने दाबायला सांगा. डावा पटकन खाली गेला, तर गड अजून लांब आहे. दमल्यावर हाच चवडा दगडाला अडतो, तोल सावरताना कंबरेला हिसका बसतो आणि नऊ आठवड्यांची कमाई एका ठेचेत जाते.

दोन्ही पाय सारखे असतील, तर सपाटीवर १० मिनिटं चालणं, दिवसातून तीनदा, इथून सुरुवात करा. दर तीन दिवसांनी प्रत्येक फेरीत ५ मिनिटं वाढवा. सलग ४० मिनिटं भरभर चालता आलं, की पर्वतीच्या १०३ पायऱ्या एकदा चढून उतरा आणि दोन दिवस थांबून बघा. आठवड्याभराने दोन फेऱ्या, मग तीन. त्यानंतर सिंहगड, पण पहिल्यांदा अर्धी वाट, पाठीवर पाण्याची बाटली सोडून काही नाही आणि हातात काठी. पुढच्या खेपेला वरपर्यंत चढा आणि उतरताना गाडीने या. उतार सोपा वाटतो, पण प्रत्येक पाऊल दणका देतं.

किती दुखलं तर चालेल? दहापैकी तीनपर्यंत, तेही कंबरेतच आणि दुसऱ्या सकाळपर्यंत निवळणारं. दुखणं कंबरेतून खाली, गुडघ्याच्या पलीकडे उतरू लागलं, तर मागच्या पायरीवर या. उलट पायातलं दुखणं सरकत वर कंबरेत आलं, तर कंबर जास्त दुखली तरी ते बहुतेकदा सुधारण्याचंच लक्षण असतं. पेशंट नेमके इथे घाबरून चालणं बंद करतात.

आणि एक. रात्रभर आडवं राहून गादी पाणी शोषते, फुगते, म्हणून सकाळी ती ताणलेली असते. उठल्यावर पहिला तासभर पुढे वाकू नका. गडावर जाणारी मंडळी पहाटे उठून, गाडीत पोक काढून बसून येतात आणि पायथ्याशी उतरताच पायाचे अंगठे धरून ‘स्ट्रेचिंग’ करतात. याहून वाईट क्रम सुचवता येणार नाही. थोडं आधी उठा आणि पायथ्याशी पाच मिनिटं नुसतं चाला.

प्रश्न : वय ५२, गृहिणी. तीन महिने झाले, पाय दुखायचा थांबला. सिलिंडर उचलू का? रोजचे १२ सूर्यनमस्कार कधीपासून घालू? (नाशिक)

उत्तर : सिलिंडर उचलू नका, आत्ताही आणि पुढेही. १४.२ किलो गॅस आणि जवळपास तेवढंच लोखंड मिळून ३० किलोच्या आसपास वजन होतं. कडं धरून किंचित तिरका करा आणि बुडाच्या काठावर फिरवत न्या, नाहीतर चाकांची चौकट घ्या.

पण दळणाचा डबा, पाण्याची बादली चुकणार नाही, म्हणून कंबरेऐवजी खुब्यातून वाकायला शिका. झाडूचा दांडा पाठीमागे उभा धरा. तो डोक्याला, दोन खवाट्यांच्या मध्ये आणि माकडहाडाला, असा तीन ठिकाणी टेकला पाहिजे. गुडघे जरासे सैल ठेवा आणि मागे स्टूल असल्यासारखे नितंब मागे न्या. दांडा माकडहाडापासून सुटला, की समजा कंबर वाकली. सुटेल त्याच्या आधी थांबा, मग ते वाकणं वीतभर का असेना. दहा-दहा वेळा, दिवसातून दोनदा. दोन आठवड्यांनी २ किलोची पिशवी घेऊन, मग दर आठवड्याला एक-एक किलो वाढवत ५ किलोच्या डब्यापर्यंत या. डबा अंगाला चिकटवून उचला. लांब धरलेला डबा कंबरेला कितीतरी पट जड पडतो. आणि वळायचं ते पावलं टाकून.

सूर्यनमस्कारात खरी अडचण हस्तपादासनाची, म्हणजे पुढे वाकून हात पावलांशी टेकवण्याची. एका नमस्कारात ते दोनदा येतं, म्हणजे १२ नमस्कारांत २४ वेळा, गुडघे ताठ ठेवून, तेही सकाळी सकाळी. त्यात गादी आणि नस दोन्ही एकदम ताणली जातात. तेव्हा नमस्कार संध्याकाळी घाला आणि तिथे गुडघे वाकवून हात खुर्चीवर टेकवा. भुजंगासनाने पायात कळ जात नसेल, तर ते राहू द्या. दोन नमस्कारांपासून सुरू करा, चार दिवसांनी एक वाढवा.

त्याआधी दोन आठवडे एक व्यायाम करा. हात-गुडघे टेकून उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ करा, १० सेकंद थांबा, मग दुसरी बाजू. आधी सहा वेळा, थोडं थांबून चार, मग दोन. सगळेजण पाय फार वर उचलतात आणि कंबर झोळीसारखी खाली जाते. कंबरेवर पाण्याची वाटी ठेवून बघा, ती सांडायला नको.

प्रश्न : वय ३५, औषधांची विक्री करतो, रोज ६० किलोमीटर स्कूटरवर. कंबरेला पट्टा लावून गाडी चालवली तर चालेल का? (कोल्हापूर)

उत्तर : पट्ट्याने आधार वाटतो, पण तो खड्डा काही थांबवत नाही. पहिले एक-दोन आठवडे फक्त गाडीवर असताना लावा. दिवसभर लावलात तर त्याची सवय लागते.

स्कूटरचं चाक लहान, त्यामुळे ते खड्ड्यात पुरतं उतरतं. मोटरसायकलवर गतिरोधकापाशी फूटरेस्टवर भार देऊन नितंब बोटभर उचलता येतात. स्कूटरवर बसून तो दणका सरळ कंबरेत जातो. शक्य असेल तर गाडी बदला. नसेल तर टायरमध्ये हवा कंपनीने सांगितली तेवढीच भरा, जास्त नको. दर अर्ध्या तासाने उतरून दोन मिनिटं चाला. नमुन्यांची बॅग खांद्यावर न घेता गाडीला बांधा. मागच्या खिशातलं पाकीट आजच काढा, त्याने कंबर एका बाजूला कलते आणि नितंबातली नस दबते. मधला स्टँड लावताना गाडी ओढू नका, पायाने स्टँडवर पूर्ण वजन द्या. नाहीतर साइड स्टँड आहेच.

प्रश्न : दुखणं संपलं, पण पावलाची बाहेरची कड अजून बधिर आहे. व्यायाम थांबवू का? (वय ४६, ठाणे)

उत्तर : नको. साधारणपणे आधी दुखणं जातं, मग ताकद येते, बधिरपणा सगळ्यात शेवटी जातो. त्याला कित्येक महिने लागू शकतात, थोडा राहूनही जातो. तुमची दबलेली नस बहुधा एस-१ची, म्हणजे एल-५च्या खालची आहे, आणि टाच उचलण्याचं काम मुख्यतः तिचं. भिंतीला बोटं टेकवून एका पायावर टाच उचला आणि कोणत्या पायावर किती वेळा जमलं, ते दोन्ही आकडे महिन्यातून एकदा वहीत लिहा. फरक कमी होत असेल, तर बधिरपणाकडे दुर्लक्ष करा.

मात्र दुखणं एकाएकी थांबलं आणि चवडा उचलेनासा झाला किंवा चप्पल पायातून निसटलेली कळेना, तर तो आराम नाही, नस हार मानते आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. लघवी अडली, नकळत झाली किंवा घोड्यावर बसल्यावर खोगिराला टेकतो तो भाग बधिर झाला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. जिथे एमआरआय आणि मणक्याचा सर्जन दोन्ही आहेत अशा हॉस्पिटलच्या आपत्कालीन विभागात जा, आणि दाराशीच लघवीचं सांगा, कंबरदुखीचं नंतर.