आजोबांच्या ट्रंकेतली बोरी

प्रश्न : नमस्कार, आम्ही अमळनेरचे. जुनं घर उतरवायला घेतलं तर माळ्यावर आजोबांची लोखंडी ट्रंक निघाली. चाळीसेक फोटो आहेत, बोरी नदीतल्या यात्रेचे, कारखान्याच्या गेटचे, शाळेच्या ग्रुपचे, आणि लाल रुमालात बांधलेले मोडी कागद, काहींवर राणीच्या तोंडाचा छाप. दोन फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलेत. मुलगा म्हणतो सगळं लॅमिनेट करून टाकू. आजी ८८ ची आहे, डोळ्यांनी कमी दिसतं. कुठून सुरुवात करू?

उत्तर : ताई, आजीपासून करा. आणि आजच करा. स्कॅनर, फाइली, पेटी सगळं आठ दिवस थांबेल पण आजीचं तसं नाही. एकेक फोटो मोबाईलवर काढून मोठा करून दाखवा, "हाऊ कोन शे?" (हा कोण आहे?) एवढंच विचारा आणि रेकॉर्डिंग चालू ठेवा, ती विषय सोडून भलतंच सांगायला लागली तरी थांबवू नका, कारण फोटोत नसलेलं सगळं त्या भलत्यातच असतं, नदीला पाणी कुठवर यायचं, धुणं कोणत्या बाजूला व्हायचं, यात्रेतली दुकानं कुठे लागायची. नाव कळलं की फोटोच्या मागे कडेला मऊ पेन्सिलीने हलकं लिहा, बॉलपेन नको, त्याचे वळ पुढून उमटतात.

लॅमिनेशन अजिबात नको!! माझ्या वडिलांचा एकुलता एक शाळेतला फोटो मी एका दुकानात लॅमिनेट करून आणला, प्लास्टिक पिवळं पडलं आणि आता ते काढायला गेलं तर फोटोच सोलून येतो. अजून वाईट वाटतं त्याचं. चिकटपट्टी आणि चिकट पानांचे अल्बम पण तसेच. काचेला चिकटलेले दोन फोटो ओढू नका, काचेसकटच स्कॅन करा.

आता तारखा. राणीच्या, म्हणजे व्हिक्टोरियाच्या, तोंडाचा स्टॅम्प म्हणजे साधारण १९०१ च्या आधीचा कागद, त्यानंतर १९१० पर्यंत राजा एडवर्ड, मग पाचवा जॉर्ज १९३६ पर्यंत. कागदावर शके असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवा, महिना माघ-फाल्गुन असेल तर ७९. गेटच्या पाटीवर वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स वाचता येत असेल तर फोटो १९४५ च्या आधीचा नाही, ती कंपनी म्हणजे आजची विप्रो, तुमच्याच गावात त्या वर्षी सुरू झाली. शाळेचा ग्रुप प्रताप हायस्कूलचा असला तर भिंग घेऊन बसा, साने गुरुजी १९२४ ते १९३० तिथे शिक्षक होते. यात्रेच्या फोटोत संत सखाराम महाराजांची समाधी शोधा, ती नदीच्या वाळवंटातच आहे, तिच्यावरून फोटो कोणत्या काठावरून काढला ते कळतं, आणि रथ दिसला तर वैशाखातली एकादशी, पालखी असली तर पौर्णिमा.

स्कॅन ६०० डीपीआयला (स्कॅनरमधली बारकाईची सेटिंग) करा, मागची बाजू पण करा (स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो). व्हॉट्सॲपवर पाठवलेली कॉपी म्हणजे जपलेली कॉपी नव्हे, ती बारीक होऊन जाते. मूळ फाइली दोन वेगळ्या हार्डडिस्कवर आणि एक कॉपी दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवा. ट्रंक परत माळ्यावर नको, आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली काय तापतं ते तुम्हाला सांगायला नको. खालच्या खोलीत, जमिनीपासून वर, भिंतीला न टेकवता ठेवा. डांबराच्या गोळ्या नको, वेखंडाची पुरचुंडी चालेल पण कागदाला लागू देऊ नका. रुमालातला कागदांचा क्रम मोडू नका, कोणता कागद कशाला जोडून होता यातच निम्मा अर्थ असतो.

मोडी वाचून घ्यायला धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात विचारा. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे गावोगाव फिरून अशीच दप्तरं गोळा करायचे आणि १९२६ ला धुळ्यातच गेले, मंडळ त्यानंतर लगेच उभं राहिलं. मूळ कागद लगेच देऊन टाकायची गरज नाही, आधी स्कॅन घेऊन जा. आणि नुसता एखादा "भारी" फोटो नाही, सगळा रुमाल दाखवा, गहाणखतं, पावत्या, चिठ्ठ्या पण. घाटाशेजारचं शेत कोणाचं होतं हे फोटोत नाही दिसत, गहाणखतात चतुःसीमा, म्हणजे चारी बाजूंना कोणाचं काय, लिहिलेली असते.