क्षयरोग समजून खासगी रुग्णालयात सहा महिने औषधं दिली, निघाला फुप्फुसाचा कर्करोग. दाद कुठे मागावी?

जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात, २ वर्षांच्या आत. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केलं आहे. पण वकील गाठण्याआधी कागद गोळा करा. रुग्णालयाला लेखी अर्ज देऊन पोच घ्या. केसपेपर ७२ तासांत द्यावे लागतात. एक्स-रे, सीटीच्या मूळ फिल्मही मागा. मग छातीरोगाच्या दुसऱ्या तज्ज्ञाचं लेखी मत घ्या, त्यावाचून तक्रार लंगडी पडते. निदान चुकलं एवढ्याने हलगर्जीपणा ठरत नाही. थुंकी न तपासता औषधं सुरू केली, गुण येत नसतानाही बायोप्सी सुचवली नाही, असं काही दाखवावं लागतं. पूर्ण मोफत सरकारी रुग्णालय असेल, तर मात्र ग्राहक आयोगात जाता येत नाही, भरपाईसाठी दिवाणी न्यायालयात जाता येतं.