टँपाला येताय? आधी घराचं अक्षर विचारा

तुम्ही विचारलंय की सिंहगड रोडचा फ्लॅट भाड्याने देऊन जूनमध्ये अमेरिकेत, फ्लोरिडातल्या टँपाला येतोय, सोबत चार वर्षांची मुलगी, सप्टेंबरात सासूबाई यायच्यात, आणि हरिकेनच्या, म्हणजे इथल्या चक्रीवादळाच्या नावाने पोटात गोळा येतो, तर घरात काय काय भरून ठेवू? भरायचं सांगतेच. पण अकरा वर्षं इथे काढल्यावर मला वाटतं, त्याच्या आधीचा प्रश्न राहिलाय. घर कुठे घेताय?

मी कोथरूडची. पूर म्हटलं की आपल्याला खडकवासला आठवतो. किती क्युसेक सोडलं, भिडे पूल पाण्याखाली गेला का, संपलं. २५ जुलै २०२४ ला तुमच्याच रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं तेही असंच, वरून आलेलं. इथे पाणी समुद्राकडून येतं. वादळाचा वारा समुद्र रेटत किनाऱ्यावर चढवतो, त्याला स्टॉर्म सर्ज म्हणतात, आणि टँपाची खाडी उथळ असल्यामुळे तिथे तो जास्तच चढतो. टीव्हीवर १ ते ५ असा जो आकडा सांगतात तो फक्त वाऱ्याचा असतो. १ म्हणजे ताशी ११९ किलोमीटरपासून पुढे, ५ म्हणजे २५२ च्या पुढे. तुमच्या पार्किंगमध्ये पाणी किती येईल, हे तो आकडा सांगत नाही.

हे मी गाडी घालवून शिकले. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन नावाचं हरिकेन आलं. केंद्र आमच्यापासून दीडशेहून जास्त किलोमीटरवर, समुद्रातून उत्तरेला चाललेलं. जमिनीवर चढलं तेही पार वर, फ्लोरिडाच्या बिग बेंड भागात. निघा म्हणून सूचना आली होती, पण आम्ही दुसऱ्या मजल्यावर, आपल्याला काय होतंय, म्हणून बसून राहिलो. पाऊस तर बेताचाच होता. सकाळी खाली डोकावलो तर गाडीच्या सीटपर्यंत खारं पाणी येऊन गेलेलं. खारं पाणी वायरिंगमध्ये गेलं की गाडी भंगारात काढायची, दुसरा इलाज नाही.

तेरा दिवसांनी, ९ ऑक्टोबरला, मिल्टन. ऐन नवरात्रात. या वेळी आम्ही दोन दिवस आधीच निघालो. मिल्टन टँपाच्या दक्षिणेला, सिएस्टा की या बेटाला धडकलं, त्यामुळे आमच्याकडे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहिला आणि खाडीतलं पाणी उलट समुद्रात ओढलं गेलं. ‘उगाच पळालात’ असं ऐकवणारे भेटलेच. केंद्र थोडं उत्तरेला सरकलं असतं तर तेच पाणी आमच्या जिन्यात असतं. पुढच्या वेळीही मी पळणार.

तर घर बघताना पत्ता काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाकून इव्हॅक्युएशन झोन, म्हणजे घर सोडून निघायचा विभाग बघा. ए, बी, सी अशी अक्षरं असतात, ए सगळ्यात आधी निघणार. विम्यासाठी वापरतात तो फ्लड झोन वेगळा, दोन्हींत गल्लत करू नका. खाडीचा देखावा दिसणारी बाल्कनी सोडवत नाही, हे मला माहीत आहे, पण लहान मूल आणि वयस्कर माणूस घरात असताना झोनबाहेरचं, थोडं आतलं घर घ्या. निम्मी तयारी तिथेच होते.

भाडेकरूच्या साध्या विम्यात पुराचं पाणी धरत नाहीत. पुराचा सरकारी विमा वेगळा घ्यावा लागतो आणि तो साधारणपणे ३० दिवसांनी लागू होतो. म्हणजे वादळ दिसल्यावर घेऊन उपयोग नाही, आल्या आल्याच घ्या. हरिकेनचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि ऐन भर १० सप्टेंबरच्या आसपास, म्हणजे आपल्या गणपतीच्या दिवसांत. सासूबाईंचं तिकीट अजून काढलं नसेल तर डिसेंबरचं काढा. हवाही तेव्हाच चांगली असते.

आता सामान. पाणी माणशी रोज चार लिटर धरा, निदान आठवडाभराचं. वादळाच्या आदल्या दिवशी टब भरून ठेवायचा, तो संडासात ओतायला. फ्रीझरमधल्या रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवा. गच्च भरलेला फ्रीझर न उघडता ठेवला तर दोन दिवस टिकतो, फ्रिज मात्र चारच तास. इथे इन्व्हर्टर घरोघरी नसतो, आणि बहुतेक शेगड्या विजेच्या, म्हणजे लाइट गेली की चहासुद्धा नाही. कॅम्पिंगची गॅसशेगडी आणि जनरेटर दोन्ही घराबाहेरच वापरायचे. जनरेटर तर खिडकी-दारापासून सहा मीटर लांब, कारण त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो. वादळातून वाचून नंतर असे गेलेले लोक दर मोसमात निघतात.

काचांना चिकटपट्टीची फुली मारतात, तिचा काडीचाही उपयोग नाही. शटर आहेत का आणि ती लावणार कोण, हे घरमालकाला करार करतानाच विचारा. बाल्कनीतली खुर्ची, कुंड्या, तुळससुद्धा, सगळं आत. वाऱ्यात कुंडी म्हणजे तोफगोळा.

निघायचं म्हणजे तीन राज्यं ओलांडायची नसतात. पाण्यापासून पळायचं, वाऱ्यापासून लपायचं. आम्ही तीसेक किलोमीटर आत एका मैत्रिणीकडे गेलो, पक्क्या घरात. तुमची अजून ओळख नसेल तर जुलैतच मराठी मंडळात जाऊन या, कोणाकडे जायचं ते आधी ठरवा. मोसमभर गाडीची टाकी निम्म्याखाली उतरू द्यायची नाही, वादळ दिसलं की पंपावर लक्ष्मी रोडची दिवाळी असते. पासपोर्ट, आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद), व्हिसाची मंजुरी, मुलीचा जन्मदाखला, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या आणि प्रिस्क्रिप्शन एका जलरोधक पिशवीत दाराशी ठेवा. थोडी रोकडही ठेवा, लाइट नसली की कार्ड चालत नाही.

मधेच वारा पडून लख्ख शांत झालं तर मुलीला घेऊन बाहेर जाऊ नका, तो वादळाचा डोळा असतो. मग उलट्या दिशेने परत सुरू होतं.

खाण्याचं म्हणाल तर आमच्याकडे दोन दिवस तेल, तिखट, मीठ लावलेल्या पातळ पोह्यांवर निघाले. पोहे इथल्या देशी दुकानात मिळतात. मेतकूट आणि घरचं तिखट तेवढं तिकडून आणा.